गळ्यापासून गुडघ्यापर्यंत

सुरतेतल्या गोडादऱ्याच्या मंगलदीप रो-हाउसमध्ये दुधाच्या पिशव्या चोरीला जायला लागल्या, तेव्हा अख्ख्या गल्लीच्या तोंडी एकच नाव आलं, नागनाथ बोरसे. गैरसमज नको, चोर म्हणून नव्हे. चोर पकडायचा तर कॅमेरा हवा, आणि कॅमेरा निवडायचा तर नजर हवी, आणि नजर म्हटली की बोरसे, असा तो हिशेब होता.

चोरही मोठा न्यायी निघाला होता. चोवीस घरांची गल्ली, रोज सकाळी सहाच्या सुमाराला दूधवाला दारांना अडकवलेल्या थैल्यांत पिशव्या टाकून जायचा, आणि त्यातली एकच पिशवी जायची. आज शोभाबाईंची, उद्या लोटूआप्पांची, परवा कोपऱ्यावरच्या शिंप्याची. एका घरावर सलग दोन दिवस पाळी आली असं कधी झालं नाही. महापालिकेचं पाणीसुद्धा इतकं नियमानं येत नाही. पण न्यायी असला तरी चोर तो चोरच. सकाळी उठून चहाचं आधण ठेवावं आणि थैली रिकामी निघावी, यासारखं दुःख नाही. ज्याच्यावर ते आलंय त्यालाच ते कळेल.

गल्लीचे अध्यक्ष प्रवीणभाऊ. तीन टेम्पोंचे मालक आणि चोवीस घरांचे सल्लागार, तेही न मागता. त्यांनी लगेच मीटिंग बोलावली आणि सात हजारांचा चार कॅमेऱ्यांचा सेट सुचवला. म्हणाले, "घ्यायचं तर टॉपचं घ्यायचं. चेहऱ्यावरचा तीळ दिसला पाहिजे."

शोभाबाई फटकळ बाई. त्या म्हणाल्या, "भाऊ, सात हजारांत मी त्या चोराला सहा महिने घरी बसवून दूध पाजीन. वर तीळही जवळून बघीन."

झालं, सात हजार तिथंच बारगळले. मग स्वस्तातला घ्यायचा ठरला. पण स्वस्तातले कॅमेरे म्हणजे उन्हाळ्यातली कलिंगडं, कापल्याशिवाय कळायचं नाही. लोटूआप्पांनी खोकून घसा साफ केला आणि म्हणाले, "अरे, आपल्यात चेकरभाऊ असताना चिंता कसली? त्यांच्या नजरेवर सोडा."

नागनाथरावांची छाती तेव्हा जी फुगली, ती शर्टाच्या बटणांनी कशीबशी आवरली. कारण 'चेकरभाऊ' ही हाक म्हणजे या माणसाची इस्टेट होती. सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका मिलमध्ये अठ्ठावीस वर्षं त्यांनी कापडाचे ताके तपासले. काचेच्या टेबलावरून कापड सरसर पुढं जायचं आणि हा माणूस दहा फुटांवरून सांगायचा, "थांबव. उभा धागा तुटलाय." मग खिशातलं घडीचं भिंग काढून इंचातले धागे मोजायचा, तेही केवळ समोरच्याची खात्री पटावी म्हणून.

पण एक गोष्ट गल्लीला माहीत नव्हती. तीन महिन्यांपूर्वी मिलमध्ये एक मशीन आलं होतं. त्याला सहा कॅमेरे, ते कापडातले दोष आपसूक शोधायचं. मालकाच्या मुलानं नागनाथरावांना पेढा दिला आणि पॅकिंग खात्यात पाठवलं. तेव्हापासून अठ्ठावीस वर्षांची ती नजर ताक्यांवर लेबलं चिकटवत होती. हे घरात बायकोला, चंद्रभागाबाईंना, तेवढं ठाऊक होतं. बाकी हा माणूस रोज त्याच वेळी, तसाच, खिशात भिंग घालून घराबाहेर पडायचा. त्यामुळं कॅमेरा निवडायचं काम आलं तेव्हा त्यांना वाटलं, आता बघतो. कॅमेऱ्यानं घालवलेली अब्रू कॅमेऱ्याकडूनच परत घेतो.

त्यांनी मुलीला, साक्षीला, मोबाइलवरून एकदम तीन कॅमेरे मागवायला लावले. एक तेराशेचा, एक सतराशेचा आणि एक बावीसशेचा. "एक ठेवू, दोन परत करू. सात दिवसांची मुदत आहे."

साक्षी कॉलेजात जाते, ती वाचून दाखवू लागली, "पप्पा, आमां तीन मेगापिक्सेल छे, आणि यात पाच."

"ते राहू दे. इंचात किती धागे दिसतात ते कुठं लिहिलंय?"

"असं कोणी लिहीत नाही, पप्पा!"

"मग लिहितात तरी काय?" असं म्हणून त्यांनी तो फोन बाजूला ठेवला आणि स्वतःची पद्धत काढली. लोटूआप्पांच्या भिंतीवर त्यांनी मीटरभर कापड टांगलं. त्यात तीन दोष होते, एक तुटलेला उभा धागा, एक सुटलेला आडवा आणि एक तेलाचा डाग, मोहरीएवढा. समोर आपल्या ओट्यावर स्टुलं मांडून त्यांवर तीन कॅमेरे ठेवले. मग एकेकाचं चित्र साक्षीच्या लॅपटॉपवर लावून, वर भिंग धरून, परीक्षा सुरू झाली. सगळी गल्ली जमली. कॅमेऱ्याचं चित्र भिंगातून बघणारा माणूस लोकांनी पहिल्यांदाच पाहिला होता, आणि खरं सांगायचं तर मीही.

सतराशेचा पहिल्याच फेरीत नापास झाला. शोभाबाईंचं लालभडक लुगडं त्यात नारिंगी दिसलं. नागनाथराव म्हणाले, "रंग कच्चा आहे. पहिल्या धुण्यात जाईल."

बावीसशेच्या कॅमेऱ्यात सगळं गुळगुळीत, गोरंपान. लोटूआप्पांच्या सुरकुत्यासुद्धा गेल्या. आप्पा तर तोच घ्या म्हणून हटून बसले. "इतका चांगला मी माझ्या लग्नातबी दिसलो नव्हतो!"

"आप्पा, हा खळ लावलेला माल आहे," नागनाथराव म्हणाले. "वरून चकाचक, आत धागा नाही. तेलाचा डाग दिसतोय का बघा. नाही ना? जो डाग लपवतो तो चोर काय दाखवणार?"

आणि तेराशेचा! दिसायला साबणाच्या वडीएवढा, पण चित्रात तुटलेला धागा दिसला, सुटलेला दिसला, आणि मोहरीएवढा डाग तर असा स्पष्ट की शोभाबाई उठून पदरानं पुसायला गेल्या. नागनाथरावांनी भिंग मिटलं, खिशात टाकलं आणि निकाल दिला, "माल पास."

पुढं सोपं होतं असं वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण नापास दोन कॅमेरे परत न्यायला कुरियरवाला आला तेव्हा कळलं, की खोके नाहीत. चंद्रभागाबाईंनी एका खोक्यात कुरडया भरल्या होत्या आणि दुसऱ्यात ज्वारीचे बिबडे. "इतला चांगला खोका कोणी फेकस का?" त्या म्हणाल्या. घरात त्यांची अहिराणी चालते आणि हुकूमही त्यांचाच चालतो. कुरियरवाला खोक्याशिवाय माल घेईना. शेवटी कुरडया बाहेर आल्या, कॅमेरे आत गेले आणि त्या खोक्यात चार कुरडयाही चुकून गेल्या. कंपनीनं पैसे परत केले, कुरडयांबद्दल काही कळवलं नाही.

मग प्रवीणभाऊंनी खुसपट काढलं की कॅमेरा लागेल तर गल्लीच्या तोंडाशी, दिव्याच्या खांबावरच लागेल, आणि त्याला रीतसर परवानगी पाहिजे. नागनाथराव अर्ज घेऊन महापालिकेच्या ऑफिसात गेले. एक नंबर खिडकीनं तीन नंबरला पाठवलं. तीन नंबरनं अर्ज उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि विचारलं, "काका, थांभलानो नंबर क्यां छे?"

खांबाला नंबर असतो हे नागनाथरावांना माहीत नव्हतं. ते परत आले. खांबावर नंबर नव्हता, एका क्लासची जाहिरात होती. ते पुन्हा गेले. खिडकीतला माणूस म्हणाला, नंबर नसेल तर खांब नोंदीतच नाही, आणि जो खांब नाहीच त्यावर काही लावायची परवानगी कशी देणार? नागनाथरावांनी सांगितलं की साहेब, त्या खांबाला मी कालच डोकं आपटून घेतलंय. तरी उपयोग झाला नाही. कपाळावरचं टेंगूळ त्यांच्याकडं पुराव्यादाखल होतं, पण त्यावर शिक्का नव्हता.

शेवटी त्यांनी अर्ज फाडला आणि कॅमेरा स्वतःच्या ओट्याच्या जाळीला लावला. इथं त्यांनी जे केलं ते जगात फक्त कापड तपासणाराच करील. त्यांनी कॅमेरा छातीच्या उंचीला बसवला, अगदी सरळ, टेबलावर कापड बघतात तसा. चित्र जुळवताना साक्षीला मधे उभं केलं, तिच्या ओढणीची वीण मनासारखी दिसली तेव्हा स्क्रू आवळला आणि वर दोन वेढे तारेचे घातले.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या मोबाइलमध्ये गल्ली बघितली. गल्ली छान दिसत होती. पण तीत एकाही माणसाला डोकं नव्हतं. सगळे गळ्यापासून गुडघ्यापर्यंत.

"चेकरभाऊ," शोभाबाई म्हणाल्या, "मुंडकी कुठं गेली?"

नागनाथराव शांतपणे म्हणाले, "शोभाबाई, वीण बघा. पदराचा काठ मोजून घ्या."

आठवडाभर गल्लीनं हा बिनमुंडक्यांचा सिनेमा पाहिला. पोरं ओट्यावरून जाताना मुद्दाम वाकून डोकं दाखवायची. प्रवीणभाऊंनी आपल्या पोटाचा फोटो सगळ्यांना पाठवून खाली लिहिलं, "ओळखा पाहू कोण?" सगळ्यांनी ओळखलं, ती गोष्ट वेगळी. साक्षी म्हणाली, पप्पा, जरा वर करू या. पण गल्ली हसली आणि त्यामुळं नागनाथराव हट्टाला पेटले. हसणाऱ्यांसाठी स्क्रू सैल करणं म्हणजे डागी ताका पास करणं, असं त्यांचं म्हणणं.

कॅमेरा लागल्यापासून चोरानं दम धरला होता. आणि नेमकी आठव्या दिवशी समोरच्या शोभाबाईंची पिशवी गेली.

सकाळी सात वाजता बोरसेंच्या पुढच्या खोलीत चोवीस घरांतली निदान तीस माणसं बसली होती. लॅपटॉपवर चित्र लागलं. सहा वाजून चौदा मिनिटं, चांगलं उजाडलेलं. उजवीकडून निळ्या चौकड्यांचा एक शर्ट आला. शोभाबाईंच्या दाराशी थांबला. एक हात थैलीत गेला, पिशवी घेऊन बाहेर आला आणि शर्ट डावीकडं निघून गेला. डोकं नाही, पाय नाहीत.

मग कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग काय, सगळी खोली.

"लिहा पोलिसांत," प्रवीणभाऊ डोळे पुसत म्हणाले, "की चोराला मुंडकं नाही, बाकी तब्येत बरी आहे." टाळ्या पडल्या, तसं त्यांना आणखी चढलं. "मी म्हणत होतो सात हजारांचा घ्या. पण आपल्याला चेकर पाहिजे! अहो, कसले चेकर? परवा माझा टेम्पो यांच्या मिलमध्ये माल भरायला गेला, तर हे ताक्यांवर लेबलं चिकटवत होते. मिलनं यांच्या जागी कॅमेरे बसवलेत, आणि आपण यांच्याकडून कॅमेरा बसवून घेतला!"

हसणं थांबलं. तसं थांबायला नको होतं, हसत राहिले असते तर बरं झालं असतं. नागनाथरावांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले. नखांत लेबलांचा डिंक होता. चंद्रभागाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्यांचा चेहरा असा उतरला की नागनाथरावांना तिकडं बघवेना. म्हणून त्यांनी लॅपटॉपकडं बघितलं. दुसरीकडं बघायला जागाच नव्हती.

शर्ट तिथंच थांबलेला होता. निळ्या रेघा, मधे पांढरा, पुन्हा निळ्या रेघा. निळी, निळी, निळी आणि मग... नागनाथराव पुढं सरकले. भिंग निघालं.

"साक्षी, जरा मोठं कर. खांद्याखाली. अजून."

"काका, आता जाऊ द्या ना," कोणीतरी म्हणालं.

"थांबा." आवाज असा आला की प्रवीणभाऊसुद्धा बसले. "हे बघा. तीन चौकड्यांत रेघ निळी आहे. चौथ्या चौकड्यात करडी. मागावर निळा धागा तुटला आणि विणकरानं घाईत करडा जोडला. पुढं अख्खा ताका तसाच विणला. दोन वर्षांपूर्वीचा माल आहे. मीच नापास केला होता."

"काय सांगता! अख्ख्या सुरतेत असे शर्ट शंभर असतील," प्रवीणभाऊ म्हणाले.

"एकच आहे. तो ताका काळा रंगवून अस्तराला विकला. मधून सव्वादोन मीटरचा तुकडा दोष दाखवायला कापून ठेवला होता. तो तुकडा..." आणि इथं नागनाथराव अडखळले.

चंद्रभागाबाई मोठ्यानं खोकल्या. पुन्हा खोकल्या. तो खोकला घशाचा नव्हता, हे लग्नाला तीस वर्षं झालेल्या कोणाही माणसाला कळेल. पण नजरेचा प्रश्न होता. नजर खरी ठरवायची तर अब्रू थोडी उसवायला लागणार होती.

"तो तुकडा मी घेतला," नागनाथराव म्हणाले. "ऐंशी रुपयांत. आणि शोभाबाई, तुमच्या मुलाच्या लग्नात आहेर म्हणून दिला. डागी कापड होतं. मला माफ करा."

आहेरात डागी कापड, आणि तेही कापड तपासणाऱ्याकडून! शोभाबाई आता काय बोलतात म्हणून सगळे त्यांच्याकडं बघू लागले. पण त्या पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होत्या.

"शोभाबाई, तो कोणी शिवला?"

"शिवला... असं नाही," शोभाबाई म्हणाल्या. "तो आम्ही उघडलाच नाही. तसाच, त्या लाल फितीच्या डब्यासकट, आप्पांच्या नातवाच्या जावळाला दिला."

सगळ्या माना लोटूआप्पांकडं वळल्या.

"मला काय विचारता?" आप्पा म्हणाले. "आहेरातलं कापड कोणी शिवतं का? पुढं द्यायला असतं ते. प्रवीणभाऊंनी वरचा मजला चढवला, त्याच्या वास्तुशांतीला दिला आम्ही. डबा तोच. फीत मात्र नवी लावली हं!"

आता माना प्रवीणभाऊंकडं. प्रवीणभाऊ म्हणाले, "मी नाही पाहिला बुवा," आणि त्यांनी बायकोकडं पाहिलं. गायत्रीवहिनी लाल झाल्या होत्या. या बाईनं गल्लीचा नियम मोडला होता. तिनं तो डबा उघडला होता.

"किरणच्या वाढदिवसाला मी शिवून दिला," त्या अगदी हळू म्हणाल्या.

किरण म्हणजे गायत्रीवहिनींचा धाकटा भाऊ, प्रवीणभाऊंचा मेहुणा. चोवीस वर्षांचा, सहा महिन्यांपूर्वी नोकरी शोधायला आला आणि सापडली ती जिम. तो दारातच उभा होता. पळेल असं वाटलं, पण दारात तीस जोड चपला होत्या, त्यात त्याची सापडेना.

"दाजी," तो खाली मान घालून म्हणाला, "जिमवाल्यानं रोज लिटरभर दूध सांगितलंय. तुमच्या घरी अर्धा लिटर येतं, तेही चहाचं. मग मी एकाच घरावर भार नको म्हणून पाळीपाळीनं... कॅमेऱ्यात मुंडकं येत नाही म्हणून तोंडसुद्धा बांधलं नाही."

प्रवीणभाऊंची अवस्था काय वर्णावी! सात हजारांचा कॅमेरा घ्यायला निघालेला माणूस आणि घरात चार माणसांत अर्धा लिटर दूध! त्या दिवसापासून त्यांचा सल्ला महिनाभर तरी कोणी ऐकला नाही, कारण त्यांनी तो दिलाच नाही.

"अरे मेल्या," शोभाबाई किरणला म्हणाल्या, "मागितलं असतंस तर काय नाही म्हटलं असतं? ये उद्यापासून, पेलाभर पिऊन जा. पण माझ्या सुनेला गॅसचं सिलिंडर वर चढवून द्यायचं." मग त्या नागनाथरावांकडं वळल्या. सगळ्यांना वाटलं, आता आहेराचं निघणार. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चेकरभाऊ, डागी होता म्हणून सापडला. चांगला दिला असता तर कोणाच्या बापाला ओळखू आला असता?"

लोटूआप्पा उठले आणि त्यांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. मघाची ती टाळी वेगळी आणि ही वेगळी. मिलमध्ये अठ्ठावीस वर्षांत मिळाली नव्हती ती टाळी नागनाथरावांना स्वतःच्या घरात सतरंजीवर बसून मिळाली. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. पण त्यांनी नुसतं भिंग पुसलं. आधीच स्वच्छ होतं, तरी पुसलं.

गल्ली पांगली. साक्षीनं टीव्ही लावला. नागनाथरावांना आता एकच धाकधूक होती, ती चंद्रभागाबाईंची. ऐंशी रुपयांचा आहेर चारचौघांत कबूल केला होता, आणि तो डबा सजवला होता त्यांनी. आज दिवसभर भांडी आपटणार, हे नक्की. पण स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येईना. फोनचा आला. चंद्रभागाबाईंनी पारोळ्याला थोरल्या बहिणीला फोन लावला होता.

"बहीन, आयक ना," त्या म्हणत होत्या. "कॅमेराले जे दिसनं नही, ते यासले दिसनं!"

नागनाथरावांनी साक्षीला खूण करून टीव्ही बंद करायला लावला.

पारोळ्याच्या बहिणीला जरा कमी ऐकू येतं. म्हणून चंद्रभागाबाई फोन घेऊन ओट्यावर आल्या आणि तेच वाक्य त्यांनी पुन्हा एकदा, चोवीसच्या चोवीस घरांना नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं.